साठवलेलं दर वेळी मोडतं कुठे?

कोरी पाटी (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा मोठा झाला तर सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी जुनी पासबुकं आणि स्टेटमेंटं घेऊन बसले. नोकरीला १६ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हातात आलेलं गेलं कुठे, तेवढंच बघायचं होतं. एका मोठ्या कागदावर वर्षाला एक अशा सोळा ओळी आखल्या. बचत सुरू झाली तिथे पेन्सिलीने टिंब, मोडली तिथे फुली. दोन-अडीच तासांनी कागदावर पाच टिंबं होती आणि पाच फुल्या. सगळ्यात लांब टिकलेली बचत ४ वर्षं २ महिने, सगळ्यात आखूड ५ महिने.

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या हाताला भोकं आहेत, पैसा टिकतच नाही. कागद वेगळंच सांगतो. उधळपट्टी म्हणावी अशा नोंदी फार थोड्या आहेत. फुल्यांची कारणं अशी निघाली: आईचं अचानक ठरलेलं ऑपरेशन. नवऱ्याची नोकरी गेली ते सात महिने. एका जवळच्या नातेवाइकाला दिलेली रक्कम, जी परत आली नाही. बाजार पडला तेव्हा घाबरून काढून घेतलेली गुंतवणूक. आणि मोठ्या घरात राहायला जाणं, ज्याची तेव्हा खरं तर घाई नव्हती.

या विषयावर जे सल्ले कानावर येतात ते बहुतेक बारीकसारीक खर्च कमी करण्याचे असतात. मी ते पाळलेही. पण माझ्या कागदावर अडथळा तिथे दिसत नाही. साठवायला मला जमतं. साठलेलं सलग राहत नाही. पाच वेळा तळमजला बांधला आणि पाचही वेळा पुन्हा पाया खणत बसले.

तुमच्या फुल्या कुठे आहेत? ज्यांनी असा हिशेब कधी मांडलाय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा. रकमा सांगायची गरज नाही, पगाराचे किती महिने एवढं सांगितलं तरी कळतं.

आकडेमोड

ताई, फार महत्त्वाची गोष्ट पकडली आहे तुम्ही. तिला आकडे जोडतो, म्हणजे मोडण्याची किंमत डोळ्यांसमोर येईल.

समजा कुणी दरमहा १० बाजूला टाकतं. परतावा वर्षाला ८ टक्के धरू, चक्रवाढ दर महिन्याला. १० वर्षांत भरले १,२००, झाले साधारण १,८३०. २० वर्षांत भरले २,४००, झाले ५,८९०. ३० वर्षांत भरले ३,६००, झाले १४,९००. तिसऱ्या दहा वर्षांत खिशातून पहिल्या दहाइतकेच १,२०० गेले, पण शिल्लक ९,००० ने वाढली.

आता हीच ३० वर्षं सहा-सहा वर्षांच्या पाच तुकड्यांत करा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी रक्कम मोडायची, वापरायची आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. सहा वर्षांत साधारण ९२० होतात. पाच तुकडे मिळून हातात आले ४,६००. दरमहा बाजूला टाकलेली रक्कम तीच, शिस्त तीच, वर्षंही तितकीच. एकीकडे १४,९०० आणि दुसरीकडे ४,६००.

तोंडी हिशेबाला ७२ चा नियम चांगला. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. हा नियम १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात नोंदलेला आहे, म्हणजे पाचशे वर्षांहून जुना. ८ टक्क्यांना ९ वर्षं. ३६ वर्षं हात लावला नाही तर रक्कम चार वेळा दुप्पट होते, १ चे १६. त्यातली ९ वर्षं वाया गेली तर १ चे ८. गेलेल्या ९ वर्षांनी निम्मं नेलं, आणि ती वर्षं सुरुवातीची होती की शेवटची याने काही फरक पडत नाही.

मुक्काम

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझी पहिली नऊ वर्षं रोजंदारीवर गेली. तेव्हा असा कागद आखला असता तर फुली मारायला आधी टिंबच सापडलं नसतं. हातावर पोट असलेल्या माणसाला 'सलग राहू द्या' सांगून काय उपयोग? त्याचा अडथळा कमाई हाच असतो आणि तो अडथळा खरा असतो. शिस्त नाही म्हणून तो गरीब आहे असं कुणी म्हणू नये. मी त्या काळात जितका काटेकोर हिशेब ठेवायचो तितका आज ठेवत नाही.

आणखी एक. पैसे नसले की प्रत्येक गोष्ट महाग पडते. घाऊक घेतलं की स्वस्त, पण घाऊक घ्यायला एकरकमी पैसे कुठले? हप्ता एक दिवस चुकला की दंड. माझा एक दात दुखायला लागला तेव्हा तो भरून घेण्याएवढे पैसे गाठीला नव्हते. लवंग दाबून धरत आठ महिने काढले. एका रात्री गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. मग रूट कॅनॉल, त्यावर कॅप, आणि त्यासाठी काढलेली उधारी. दात भरायला दोन दिवसांची मजुरी पुरली असती. उधारी फेडायला अडीच महिने लागले. मला आजही आरशात ती कॅप दिसली की ते अडीच महिने आठवतात.

मी त्यातून बाहेर आलो ते बचत करून नाही. वेल्डिंग शिकलो. रात्री शिकायचो, दिवसा काम. रोज दुप्पट झाला तेव्हा पहिल्यांदा महिनाअखेर काही उरलं. म्हणून सांगतो, ज्याच्या हातात काही उरतच नाही त्याने चक्रवाढीच्या कोष्टकांमागे लागू नये. त्याची पहिली गुंतवणूक म्हणजे असं कौशल्य, ज्याला लोक जास्त मोल देतात. आकडेमोड यांचे आकडे बरोबरच आहेत, पण ते 'दरमहा १०' या शब्दांनी सुरू होतात. ते १० कुठून येणार, हा माझा प्रश्न.

कोरी पाटी

मुक्काम दादा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी धागा लिहिताना पगार येतोच असं गृहीत धरलं होतं. तुमच्या दाताची गोष्ट वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकले नाही.

पण एक सांगू? माझ्या मते तुमचा दात आणि माझ्या आईचं ऑपरेशन ही एकाच झाडाची फळं आहेत. अचानक आलेल्या खर्चाला बाजूला काही नव्हतं. माझ्याकडे मोडायला बचत होती म्हणून ती मोडली, तुमच्याकडे नव्हती म्हणून उधारी झाली. अडथळा एकच, तुम्हाला तो कितीतरी जास्त क्रूरपणे भेटला.

मुक्काम

हो, असं मांडलं तर पटतं.

उत्तररात्र

माझी फुली सांगतो. क्रेडिट कार्ड.

लोक समजतात तसा मी चैनीपायी अडकलो नाही. दोन नोकऱ्यांच्या मधले चार महिने घरखर्च कार्डावर चालवला. नवी नोकरी लागली, वाटलं आता फिटेल. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक छोटा आकडा असतो. तो भरला की दंड नाही, फोन नाही, कटकट नाही. मी दर महिन्याला तो भरत राहिलो आणि मनाची समजूत घातली की मी फेडतोय.

पुढे एकदा बसून गणित केलं. व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान देय थकबाकीच्या ५ टक्के असेल, तर नवी खरेदी अजिबात न करताही थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. १०० ची थकबाकी असेल तर तेवढ्या काळात सुमारे १२० भरून झालेले असतात. आणि ५० अजून शिल्लक. त्या रात्री मी एकेक बिल उघडत होतो आणि व्याजाच्या ओळीखाली रेघ ओढत होतो. शेवटी व्याजाचीच बेरीज पगाराच्या पाच महिन्यांवर गेली.

गंमत अशी की याच काळात मी दुसरीकडे एका ठेवीत दरमहा पैसे टाकत होतो आणि त्याचा मला अभिमान होता! तिकडे वर्षाला ७ टक्के मिळत होते, इकडे ३६ टक्के जात होते. ठेव मोडून कार्ड फेडायला माझा जीव धजेना, कारण ठेव म्हणजे 'बचत' आणि कार्ड म्हणजे 'खर्च' असे डोक्यात दोन वेगळे डबे. रिचर्ड थेलर यांनी या डब्यांच्या सवयीवर बरंच काम केलं आहे, त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला ते वाचल्यावर कळलं की हे फक्त माझंच नाही.

म्हणून ताईंच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. काही वेळा मोडणं हाच शहाणपणा असतो. महाग कर्ज डोक्यावर असताना ठेव सांभाळणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. मी ठेव मोडून कार्ड फेडलं त्या दिवसापासून माझं खरं टिंब सुरू होतं.

चाफेकळी

वाचतेय. फार उपयोगी धागा. उत्तररात्र, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

रानजाई

माझ्या कागदावर दोन फुल्या आहेत आणि दोन्ही कुणाच्या चुकीच्या नाहीत. मुलगी झाली तेव्हा तीन वर्षं घरी होते. नंतर सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दोन वर्षं. पाच वर्षं कमाई बंद. परतले तेव्हा ज्यांना मी काम शिकवलं होतं ते माझ्या वर होते आणि पगार जिथे सोडला होता त्याच्याही खालून सुरू झाला. म्हणजे पाचच वर्षांची कमाई बुडाली असं नाही, पुढची सगळी वर्षं एक पायरी खालून मोजली गेली. संपत्तीच्या गप्पांत ही फुली कधी येत नाही, कारण ती बहुतेक बायकांच्या कागदावर असते.

आज मागे वळून बघताना एकच वाटतं. तेव्हा आम्ही दोघांनी बसून ठरवायला हवं होतं की कमाई एकाची असली तरी बचत दोघांच्या नावावर होईल. ज्या महिन्यात मी घरी आहे त्या महिन्यातही माझ्या नावावर काहीतरी पडेल. भांडण नव्हतं, विरोधही नव्हता, विषयच निघाला नाही. आमच्याकडे पैशाबद्दल बोलणं म्हणजे काहीतरी बिनसलंय असाच अर्थ होता. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर मला कळलं की नवऱ्याच्या डोक्यात 'पुरेसे पैसे' म्हणजे किती आणि माझ्या डोक्यात किती.

दुसरं, पगारवाढीबद्दल. कोरी पाटी, तुमची मोठ्या घराची फुली मला फार ओळखीची वाटली. पगार वाढला की राहणी वाढते, आणि कधी वाढली ते कळतही नाही. यात दुहेरी नुकसान आहे. कमाईचा दहावा भाग वाचवणाऱ्याला एका वर्षाचा खर्च जमवायला नऊ वर्षं काम करावं लागतं (व्याज सोडून). चौथा भाग वाचवला तर तीन वर्षं. निम्मा वाचवला तर एकच वर्ष. खर्च वाढला की साठवणं हळू होतं आणि जमवायची रक्कमही मोठी होते. दोन्हीकडून ओढाताण.

यावर मला पटलेला एकच उपाय आहे. पगार हातात आल्यावर निश्चय करायचा नाही, वाढ यायच्या आधीच पुढच्या वाढीतला ठरावीक हिस्सा बचतीला लिहून द्यायचा. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी कर्मचाऱ्यांवर असाच प्रयोग केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. दर पगारवाढीला बचतीचा हिस्सा आपोआप वाढत गेला आणि ४० महिन्यांत बचतीचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर पोचलं. कुणाच्याही हातात येणारा पगार कमी झाला नाही, म्हणून कुणाला दुखलं नाही. मी स्वतः वाढीतला निम्मा हिस्सा असा बांधला आहे. उरलेला निम्मा मनमोकळा खर्च करते, अपराधी न वाटता.

वाटसरू

ताईंची चौथी फुली माझीही आहे. मार्च २०२०.

तारीख आठवते कारण रात्री तीन वाजता फोनवर विकण्याचं बटण दाबलं होतं. आठवडाभर तेच चाललं होतं. दिवा न लावता अंथरुणात बसायचं, लाल आकडे बघायचे, फोन उलटा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. विकल्यावर अंगातलं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि त्या रात्री मी शांत झोपलो. ती शांत झोप मला फार महाग पडली.

अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक त्या वर्षी १९ फेब्रुवारीपासून २३ मार्चपर्यंत सुमारे ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा जुन्या उंचीवर आला. प्रत्येक पडझड इतक्या लवकर भरून निघत नाही, पण मी तळाशी विकलं आणि परत शिरायला धीर आला तोवर दीड वर्ष उलटलं होतं.

कान्हेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त जाणवतं. पुढच्या मोजमापांत ते सुमारे दुप्पट निघालं. हे मी पुस्तकात वाचून पाठ केलेलं होतं! तरीही रात्री तीन वाजता काही उपयोग झाला नाही. त्या वेळी माझ्याकडे बाजाराबाहेर जेमतेम एका महिन्याचा खर्च होता. खरी भीती निर्देशांकाची नव्हतीच, नोकरी गेली तर भाडं कुठून भरायचं याची होती. आज बाजाराबाहेर आठ महिन्यांचा खर्च आहे. त्यानंतरही बाजार पडला आहे, पण माझा हात फोनकडे गेला नाही. माझा स्वभाव तोच आहे. पाठीशी काहीतरी आहे, एवढाच बदल.

आणि जे रोज खरेदी-विक्री करतात त्यांच्यासाठी: ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातल्या ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांचे व्यवहार तपासले. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, त्याच काळात बाजाराने १७.९ टक्के दिले. जास्त धावपळ केली आणि कमी मिळालं.

जुनी सायकल

मंडळी, मी निवृत्त आहे. वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा असेन, म्हणून दोन गोष्टी अधिकाराने लिहितो.

पहिली फसवणुकीची. माझी मोठी फुली तीच. निवृत्तीच्या रकमेतला चौथा हिस्सा एका योजनेत घातला आणि तो गेला. आणणारा माणूस ओळखीचा होता, रोज फिरायला बरोबर असायचा. पहिले सहा महिने व्याज ठरल्या तारखेला हातात आलं. त्या सहा महिन्यांनीच माझा घात केला, कारण त्यानंतर मी रक्कम वाढवली. नंतर समजलं की मला मिळणारं व्याज हे माझ्यानंतर आलेल्यांचं मुद्दल होतं.

चार्ल्स पॉन्झी याने १९२० साली ४५ दिवसांत ५० टक्क्यांचं आमिष दाखवलं होतं. एवढा आकडा ऐकून आज बहुतेक जण सावध होतील. पण बर्नार्ड मॅडॉफचं प्रकरण डिसेंबर २००८ मध्ये उघड झालं, त्यात अवाच्या सवा परतावा नव्हताच. वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास, पण दर वर्षी, बाजार वर असो वा खाली. कागदावर ती रक्कम सुमारे ६५ अब्ज डॉलर होती. माझ्या बाबतीतही तेच झालं. व्याज थोडंच जास्त होतं, पण ते कधी हललं नाही. म्हणून सांगतो, नुसता मोठा आकडा पाहून सावध होऊ नका. जोखीम आहे आणि तरी चढउतार नाही, असं दिसलं की तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट नात्यातल्या उसनवारीची. कोरी पाटी, तुझी तिसरी फुली. (अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.) मी आयुष्यात चार वेळा दिले, एकदा परत आले. पण मला त्या तिघांबद्दल आज राग नाही, कारण दुसऱ्यांदा बुडाल्यावर एक नियम केला. परत आले नाहीत तरी आपलं काही मोडणार नाही, एवढीच रक्कम द्यायची आणि मनातून ती दिलेलीच समजायची. मागणाऱ्याला पूर्ण आकडा हवा असतो. त्याला सांगायचं, 'एवढे देतो, परत नकोत.' नातंही टिकलं आणि ठेवही. याउलट जामीन राहणं कटाक्षाने टाळलं. जामीन राहताना आपल्या खिशातून काहीच जात नाही असं वाटतं, आणि जेव्हा जातं तेव्हा किती जाईल हे आपल्या हातात नसतं.

आणि एक मनापासून. तुझ्या कागदावरची पहिली फुली पुसून टाक. आईच्या ऑपरेशनला पैसे लागले आणि ते होते. पैसे साठवले कशासाठी होते मग?

कोरी पाटी

काका, अगं-तुगंच करा.

तुमची शेवटची ओळ वाचून रडू आलं, खरं सांगते. आई आज चालते-फिरते. मी कागदावर तिच्या ऑपरेशनला आणि बाजारातल्या घाबरण्याला एकाच आकाराची फुली मारली होती. पेन्सिलीने होती म्हणून बरं. आत्ताच पुसली आणि तिथे छोटं वर्तुळ काढलं.

आता कागद पुन्हा बघते तेव्हा वाटतं, मीच प्रश्न थोडा चुकीचा विचारला होता. मोडावं लागणारच, आयुष्य आहे. माझ्याकडे एकच भांडं होतं. म्हातारपणासाठी, आजारपणासाठी, नातेवाइकासाठी, घरासाठी, सगळ्यासाठी तेच. त्यामुळे कशालाही हात घातला की सगळं सांडायचं. वाटसरू म्हणतात तसं बाजाराबाहेर काही असतं तर पाचातल्या दोन फुल्या नक्की टळल्या असत्या, कदाचित तीन.

आकडेमोड

ताई, या एका भांड्याच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट आठवली. बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. अट अशी की त्यातून तरुण कारागिरांना ५ टक्के व्याजाने कर्ज द्यायचं, १०० वर्षांनी काही भाग काढायचा आणि उरलेला आणखी १०० वर्षं वाढू द्यायचा. १९९० मध्ये मुदत संपली तेव्हा फिलाडेल्फियात सुमारे २० लाख डॉलर होते आणि बॉस्टनमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. सुरुवात सारखी, काळ सारखा. पैसा कसा सांभाळला यातच फरक. मला यात भावतं ते असं की रक्कम तिजोरीत बंद नव्हती, कारागिरांच्या कामी येत होती. मोडायची तेवढी तारखेने मोडली, बाकीच्याला हात लागला नाही.

आणि एक फुली कुणाच्याच कागदावर दिसली नाही, कारण ती एका दिवशी पडत नाही. शुल्क. ८ टक्के परताव्यातून दर वर्षी २ टक्के शुल्कात गेले तर हातात ६ उरतात. ३६ वर्षांत ८ टक्क्यांनी १ चे १६ होतात, ६ टक्क्यांनी साधारण ८. दोन टक्के ऐकायला काहीच नाही, पण त्यांनी निम्मा डोंगर खाल्ला. १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी सर्वसामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा, कमी शुल्काचा फंड) आणला तो याच विचारातून. आपल्या प्रत्येक गुंतवणुकीचं वार्षिक शुल्क किती, हे कृपया आजच शोधून बघा.

उलट बाजूही सांगतो. भीतीने सगळंच रोख ठेवलं तर महागाई खाते. ६ टक्के महागाईला १२ वर्षांत पैशाची ताकद निम्मी होते. म्हणून मोडायच्या भांड्यात सहा-आठ महिन्यांचा खर्च पुरे, त्यापुढचं तिथे सडतं.

मुक्काम

ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सहा महिन्यांचा आकडा ऐकून हाय खाऊ नये. माझं पहिलं भांडं दहा दिवसांच्या मजुरीचं होतं. ते भरायला चौदा महिने लागले. पण त्यानंतर मी कधी हप्त्याचा दंड भरला नाही. दहा दिवसांचं भांडंही भांडंच असतं.

उत्तररात्र

कार्डाचं कर्ज असलेल्यांनी कुठल्या क्रमाने जावं, माझ्या अनुभवातून: आधी मुक्काम म्हणतात तसं छोटं भांडं, मग सगळी ताकद कार्डावर, ते संपलं की भांडं मोठं करायचं, आणि मगच लांबची गुंतवणूक. मी छोटं भांडं न ठेवता सगळं कार्डात घातलं होतं. दोन महिन्यांनी गाडीचं इंजिन बसलं आणि दुरुस्ती पुन्हा त्याच कार्डावर गेली.

धुकं

मी इथे फक्त वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. परवा रात्री हा धागा वाचल्यावर मीही कागद काढला. माझ्या नोकरीला सातच वर्षं झाली आहेत. तीन टिंबं, तीन फुल्या. तिन्ही फुल्यांचं कारण एकच निघालं: भावाचं शिक्षण, दर वेळी फी भरायच्या आठवड्यात. म्हणजे ते अचानक नव्हतंच. दर वर्षी त्याच महिन्यात येत होतं आणि दर वर्षी मी दचकत होते.

एक विचारायचं होतं. असा ठरलेल्या तारखेचा खर्चही त्याच मोडायच्या भांड्यातून करायचा का?

कोरी पाटी

धुकं, नाही. माझ्या मते त्याचं वेगळं भांडं कर. फीची रक्कम बाराने भाग आणि पगाराच्या दिवशीच तेवढी बाजूला काढ. तारीख माहीत असलेला खर्च अडीअडचणीच्या भांड्यातून केलास तर खरी अडचण येईल तेव्हा ते रिकामं असेल. आणि लांबच्या बचतीला तर त्या आठवड्यात हातच लावू नकोस.

रानजाई

+१. आणि भावाला त्या भांड्याबद्दल सांग. त्याला आकडा कळू दे.

धुकं

आज केलं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये खात्याला टोपणनाव देता येतं. आता तीन खाती आहेत. एकाचं नाव 'भावाची फी', दुसऱ्याचं 'मोडायचं', तिसऱ्याचं 'हात नको'. पहिल्यात एका महिन्याचा हिस्सा पडला आहे, दुसऱ्यात चार दिवसांचा पगार. तिसरं अजून रिकामं आहे. भावाला स्क्रीन दाखवली. तो बराच वेळ बघत होता, मग म्हणाला पुढच्या सत्रापासून तो शिकवण्या घेईल, त्यातले थोडे पहिल्या खात्यात टाकत जा.